"बाई, किती ओळी लिहायच्या?" - लहान मुलांना मनाची गोष्ट लिहायला कसं लावायचं?

खडूधूळ
नमस्कार मंडळी. मी तिसरीला भाषा शिकवते, वर्गात ३८ मुलं. आठवड्यातला एक तास गोष्ट लिहायला ठेवलाय आणि तो तासच सध्या माझ्या डोक्याला ताप झालाय.

मागच्या वेळी विषय दिला, बोलणारं झाड. वह्या तपासायला घेतल्या तर जवळजवळ प्रत्येक वहीत झाड एकच वाक्य बोलतंय, मला तोडू नका मी तुम्हाला सावली देतो. खाली रेघ मारून तात्पर्य. अहो झाडाला खरंच बोलता यायला लागलं तर ते पहिलं हेच बोलेल का? शेजारच्या झाडाशी भांडणार नाही? खोडावर नाव कोरणाऱ्याला चार शब्द सुनावणार नाही? बरं, म्हटलं विषयच नको, मनातलं काहीही लिहा. तर अर्धी मुलं पेन्सिल चावत बसली आणि बाकीच्यांचे प्रश्न सुरू, बाई किती ओळी, बाई समास सोडायचा का, बाई फळ्यावर सुरुवात लिहून द्या ना.

आणि हीच मुलं मधल्या सुट्टीत काय काय रचत असतात! परवा दोघं बाकाखाली घुसून बसलेली, बाक म्हणजे पाणबुडी, बाहेर दिसणारे सगळ्यांचे पाय म्हणजे मासे, त्यात एक सँडलवाला मासा विषारी होता आणि तो म्हणजे मी. म्हणजे डोक्यात माल भरपूर आहे, वहीत येताना कुठेतरी घोडं अडतंय.

कोणी वर्गात हे केलं असेल तर सांगा. सुरुवात कशी करून देता, शुद्धलेखनाचं काय करता, जी मुलं दोन ओळींपुढे जातच नाहीत त्यांचं काय, आणि एवढ्या वह्या वाचायच्या कधी? पालकांनीही लिहा.

निळी_शाई
खडूधूळ ताई, निदान तुम्हीच करून टाकलंय की, डोक्यात आहे आणि वहीत नाही. मग काही दिवस वही बाजूलाच ठेवा. मूल सांगेल, तुम्ही लिहा.

व्हिव्हियन पेली नावाच्या शिक्षिका होत्या अमेरिकेत, शिकागो विद्यापीठाच्या शाळेत बालवाडीला शिकवायच्या. त्यांचं बरंचसं काम ह्याच एका गोष्टीवर उभं आहे. १९८९ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप (तिकडची फार मानाची शिष्यवृत्ती) मिळाली, बालवाडीच्या बाईंना, हे मला भारी वाटतं. पद्धत अगदी साधी. मूल शेजारी येऊन बसतं, गोष्ट सांगतं, बाई ती त्याच्याच शब्दांत उतरवून घेतात, काही कळलं नाही तर तेवढंच विचारतात. आणि मग मुख्य भाग, वर्ग गोल करून बसतो, बाई गोष्ट वाचतात आणि मुलं ती करून दाखवतात. कपडेपट नाही, पाठांतर नाही, सराव नाही, स्टेज नाही. आपल्याच गोष्टीत आपण कोण व्हायचं ते गोष्टवाला ठरवतो.

हा करून दाखवायचा भाग बरेच जण वेळ नाही म्हणून गाळतात आणि मग म्हणतात मुलं कंटाळली. खरी गंमत त्यातच आहे हो, आपण "आणि मग सगळे उडाले" म्हटलं की खरोखर सहा मुलं वर्गभर उडतात हे एकदा बघितलं की दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला रांग लागते. आणि जो राक्षस गोष्टीत येतो आणि नुसताच उभा राहतो त्याला करून दाखवताना काही कामच नसतं, ते मुलांना आपोआप कळतं, पुढच्या गोष्टीत राक्षसाला काहीतरी काम मिळतं.

मी दुसरीच्या वर्गात करते. अट एकच, गोष्ट एका पानात मावली पाहिजे, नाहीतर काही वक्ते थांबतच नाहीत. ही एक बघा, जशी सांगितली तशी:

"एक खुर्ची होती. तिला पण बसायचं होतं. ती टेबलावर बसली तर टेबल ओरडलं. ती जमिनीवर बसली तर सगळे म्हणाले ही पडली आणि तिला उभी केली. मग रात्री ती भिंतीला टेकून बसली. सकाळी बाई आल्या आणि म्हणाल्या खुर्ची मोडली. संपली."

हे सांगणाऱ्या मुलाच्या वहीत तेव्हा एक धड वाक्य सापडलं नसतं.

कानामात्रा
सगळं ऐकायला गोड आहे. मी आयुष्यभर प्राथमिकला शिकवून निवृत्त झालो, थोडं कडू बोलतो, राग मानू नये. मूल सांगणार आणि बाई लिहिणार तर मूल लिहायला कधी शिकणार? आठवीत येऊन ज्यांना जोडाक्षर लिहिता येत नाही, वेलांटी कुठली ते कळत नाही, अशी मुलं पाहिली आहेत मी, आणि त्यांच्या खालच्या वर्गात "अभिव्यक्ती" जोरात चालली होती. पाया नाही आणि मजले चढवताय. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य, मग कल्पना. आणि तात्पर्यात काय वाईट आहे हेही मला कळलं नाही.

रिकामटेकडा
कानामात्रा सर, ह्या क्रमाने गेलं तर कल्पनेची पाळी येईपर्यंत मुलाला मिशा फुटतील :)

तिरपीरेघ
सरांचा मुद्दा चेष्टेवारी नेण्यासारखा नाहीये. मी लेखन-वाचनात अडचण असलेल्या मुलांबरोबर काम करते त्यामुळे दोन्ही बाजू रोज दिसतात.

लहान मूल लिहितं तेव्हा एका वेळी काय काय चाललेलं असतं बघा, अक्षर कसं काढायचं आठवायचं, उकार पहिला की दुसरा, शब्दात अंतर, रेघ सोडायची नाही, आणि ह्या सगळ्यात आपण सुरू केलेलं वाक्य कुठे न्यायचं होतं ते डोक्यात धरून ठेवायचं. मोठ्यांचं अक्षर हाताला बसलेलं असतं म्हणून आपल्याला ते ओझं जाणवत नाही. मुलाची सगळी शक्ती तिथेच खर्च होते आणि गोष्ट हातातून निसटते. म्हणून ते सगळ्यात छोटं, ठरलेलं, चूक होण्याची शक्यता कमी असलेलं वाक्य लिहितं. "मला तोडू नका" मधले सगळे शब्द त्याला लिहिता येतात हो! भांडखोर झाडाचं भांडण लिहायचं तर "चिडलं" ची वेलांटी, "फांद्या" चं जोडाक्षर, कोण मरतंय.

म्हणजे सर म्हणतात तसं हाताला वळण लागायलाच हवं, ते लागलं की गोष्टही मोकळी होते. स्टीव्ह ग्रॅहम हा लेखनशिक्षणावरचा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्राथमिकच्या मुलांच्या लेखनावरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले होते. त्यात अक्षर आणि स्पेलिंग शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारतं असं आलं, आणि कल्पना करायला, डोळ्यांसमोर चित्र आणायला मुद्दाम शिकवलं तर त्यानेही सुधारतं असं आलं. लिहिताना एकमेकांची मदत घेऊ दिली तर त्यानेही. व्याकरणाचा सुटा तास घेतल्याने मात्र लेखन सुधारल्याचं दिसलं नाही. इंग्रजी शाळांवरचं काम आहे, आपली लिपी वेगळी, तेवढं ध्यानात ठेवून घ्या.

माझं म्हणणं एवढंच की दोन्ही करा, पण एका बैठकीत नको. शुद्धलेखनाचा तास कडक घ्या. गोष्टीच्या तासाला मुलाने विचारलं "फांद्या कसं लिहायचं" तर सांगून टाका आणि पुढे चला, किंवा जमेल तसं लिही आणि खाली रेघ मार, नंतर बघू. खाली रेघ मारली म्हणजे त्याला शंका आहे, म्हणजे तो विचार करतोय, हे काही कमी नाही.

कानामात्रा
रेघ मारण्याची युक्ती बरी आहे. हे मान्य. तात्पर्याचं कोणी बोलत नाही पण.

पानोपानी
मी बोलते तात्पर्याचं. तात्पर्य वाईट नाही सर, पण मुलं ते आधी ठरवतात आणि मग त्याच्यासाठी गोष्ट ओढून आणतात. खोटं बोलू नये हे सांगायचंय म्हणून एक खोटारडा मुलगा येतो, खोटं बोलतो, त्याला शिक्षा होते. त्या मुलाला काय हवं होतं, तो का खोटं बोलला, कोणाशी, ते खोटं चांगलं रंगलं होतं का, काहीच नाही. आणि मुलं हे का करतात तर आपण दिलेल्या नमुन्यात तेच असतं, आणि शेरा पण त्यालाच मिळतो, "छान विचार". मुलं हुशार असतात, बाईंना काय आवडतं ते दोन आठवड्यांत ओळखतात.

दुसरं एक अमर शेवट म्हणजे "आणि मग मला जाग आली, ते स्वप्न होतं". माझ्या ओळखीच्या एका वर्गात त्याच्यावर बंदीच घातलीये. मला नाही पटत बंदी. मूल असं का लिहितं तर गोष्ट भलतीकडे गेलीये आणि परत कसं यायचं माहीत नाही, हात दुखतोय आणि घंटा होणारे. तेव्हा त्याला एवढंच विचारायचं, तुझ्या सशाला सुरुवातीला काय पाहिजे होतं? मिळालं का? नाही मिळालं तरी चालेल, त्याने मग काय केलं? बहुतेक वेळा तिथेच शेवट सापडतो.

रिकामटेकडा
चेष्टा बाजूला, आता कामाचं. पूर्ण मोकळीक दिली की मुलं गोठतात हा अनुभव सार्वत्रिक आहे, मोठ्यांचंही तेच होतं, रिकामा कागद आणि "काहीही लिही" ह्याच्यासारखी शिक्षा नाही. थोडी विचित्र अट पाहिजे.

जानी रोदारी हा इटालियन बाललेखक, १९७० चा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळालेला, आधी शाळेत शिकवायचा. १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया शहरात शिक्षकांबरोबर बसून त्याने ह्या युक्त्या सविस्तर मांडल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे दोन शब्दांची. दोन शब्द घ्यायचे ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. घोडा आणि कुत्रा नको, ते दोघं आधीच शेजारी आहेत. त्याचं उदाहरण होतं कुत्रा आणि कपाट. मग नुसते प्रत्यय बदलत जायचे. कुत्र्याचं कपाट. कपाटातला कुत्रा. कपाट घेऊन निघालेला कुत्रा. मराठीत तर हे फारच सोपं जातं, विभक्ती प्रत्ययांचा तास आणि गोष्टीचा तास एकदमच होऊन जातो (कानामात्रा सरांसाठी खास).

करायचं कसं, एका मुलाला फळ्याच्या डाव्या टोकाला उभं करा एकाला उजव्या, मध्ये कोणीतरी आडवं उभं राहून एकमेकांचं दिसू द्यायचं नाही, दोघांनी एकेक नाम लिहायचं. बाजूला झालं की वर्गात जो हशा होतो तिथेच अर्धी गोष्ट तयार झालेली असते. आमच्याकडे एकदा आलं होतं, ढग आणि चावी. ढगाची चावी कोणाकडे असते, हरवली तर काय, डुप्लिकेट कोण करून देतं, एक मुलगी म्हणाली चावी ढगाच्या आत राहिली आणि दार बाहेरून लागलं. मी गप्प.

आणि चुकांचं पण रोदारी सोनं करायचा. वर्गात एकाने "वाघ पाठीवर बसला" ऐवजी "वाघ पाटीवर बसला" लिहिलं तर नुसता लाल गोल करू नका. विचारा की बुवा बसला पाटीवर, पुढे? अक्षरं पुसली गेली का? कोणाची पाटी होती?

दोघांची_आई
पालक म्हणून विचारते. माझा मोठा फक्त टीव्हीतल्या सुपरहिरोंच्याच गोष्टी लिहितो, पहिल्या ओळीपासून मारामारी, ढिशुम ढुश्श असं अर्धं पान, आणि शेवटी सगळे मेले. बाईंनी वहीत लिहिलं "स्वतःची कल्पना वापर". तो रडला. म्हणाला ही माझीच कल्पना आहे, टीव्हीत तो मरत नाही, मी मारलाय.

पानोपानी
हाहा, मुद्दा बिनतोड आहे त्याचा!

निळी_शाई
दोघांची_आई, उधार पात्रं घेतली म्हणून काही बिघडत नाही. नवीन पात्र उभं करायचं हे एक वेगळंच काम आहे, ते त्याने दुसऱ्याकडून आयतं घेतलं आणि आपली शक्ती घटनांवर लावली. त्याला हळूच अडचणीत टाका. सुपरहिरोची ताकद आज चालत नाहीये. किंवा त्याला अशा कामाला लावा जिथे ताकदीचा उपयोग नाही, समजा रडणाऱ्या बाळाला झोपवायचंय. मग त्याला सुचवावंच लागतं. आणि ढिशुमला हरकत नाही, पण कोण का मारतंय एवढं विचारा. बऱ्याचदा ते त्याला माहीत असतं, आपल्याला पण माहीत असेल असं समजून लिहिलेलं नसतं.

तिरपीरेघ
मारामारीवरून एक गंभीर मुद्दा. भूत, मरण, शी-शू हे सगळं येणार, त्याची सवय करून घ्या, दोन-तीन आठवड्यांत शी-शूचा जोर ओसरतो. पण वर्गात दोन नियम पहिल्या दिवसापासून पाहिजेत. वर्गातल्या खऱ्या मुलाचं नाव गोष्टीत घ्यायचं तर त्याला विचारून, नाहीतर गोष्ट हे चिडवायचं हत्यार होतं. आणि कुठलीही गोष्ट लिहिणाऱ्याच्या परवानगीशिवाय मोठ्याने वाचायची नाही.

कधीकधी गोष्टीतून असं काहीतरी येतं की आपल्याला थबकायला होतं, रोज कोंडून ठेवलेलं अस्वल, किंवा घरात कोणाला तरी मारणारा माणूस, तोच तो परत परत. लगेच निष्कर्ष काढू नका, मुलं इकडून तिकडून ऐकलेलंही लिहितात. पण दुर्लक्षही करू नका. वर्गासमोर चौकशी अजिबात नको. एकटं असताना अस्वलाबद्दलच बोलायचं, मुलाबद्दल नाही, आणि खरी शंका वाटली तर शाळेत जी व्यक्ती ह्यासाठी नेमलेली असेल तिच्याकडे जायचं.

उनाड_ऊन
फारच छान धागा चाललाय, वाचतोय. मी शिक्षक नाही पण एक आठवलं म्हणून लिहितो. टॉलस्टॉयने आपल्या इस्टेटीवर शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली होती, १८५९ साली. तो मुलांना निबंधाचे विषय द्यायचा आणि खडूधूळ ताईंसारखाच वैतागायचा, मुलं कंटाळवाणं लिहायची. मग एकदा एका म्हणीवरून गोष्ट लिहा म्हणाला, मुलं म्हणाली जमणार नाही, तुम्हीच लिहा. तर हा स्वतःच लिहायला बसला. आणि मुलं एकेक करून मागे येऊन उभी राहिली, डोकावायला लागली, असं नाही तसं पाहिजे, हा म्हातारा असं बोलणार नाही. शेवटी मुलांबरोबर मिळूनच लिहिली आणि रात्री अकरापर्यंत त्यातली काही मुलं हलायला तयार नव्हती. १८६२ मध्ये त्याने त्यावर लेखच लिहिला, लिहायला कोणी कोणाकडून शिकायचं, मुलांनी आपल्याकडून की आपण मुलांकडून.

आता तो टॉलस्टॉय होता हे खरंय, पण मुलं आली ती तो थोर लेखक आहे म्हणून नाही, तो तिथे बसून अडखळत होता म्हणून. शिक्षक फळ्यावर स्वतःची गोष्ट सुरू करतोय, खोडतोय, नाही हे बरं नाही झालं म्हणतोय, हे मुलांनी कधी बघितलेलंच नसतं ना. त्यांना वाटतं मोठ्यांना गोष्टी तयारच येतात.

रिकामटेकडा
+१. फक्त एक सावधगिरी, फळ्यावर शिक्षकाने सुरू केलेली गोष्ट पुसा! पुसली नाही तर वीस वह्यांत तीच येते. एकत्र रचायची, पुसायची, मग आपापली.

कानामात्रा
टॉलस्टॉयचं माहीत नव्हतं. माझ्या नोकरीत मी मुलांसमोर एकदाही गोष्ट लिहिली नाही, ते काम मी माझं समजतच नव्हतो. असो. पण उनाड_ऊन, ती मुलं शेतात, गोठ्यात, बर्फात वाढलेली होती, त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं. हल्लीच्या मुलांकडे स्क्रीनशिवाय काय आहे?

पानोपानी
सर, अर्धं बरोबर आहे तुमचं. व्हिगॉट्स्की ह्या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३० साली मुलांच्या कल्पनाशक्तीवर लिहिलं त्यात हेच म्हटलंय, कल्पना हवेतून येत नाही, अनुभवातले तुकडे वेगळे करून नव्याने जोडणं म्हणजे कल्पना. त्यामुळे अनुभव जेवढा मोठा तेवढं सामान जास्त, आणि आपण जे समजतो की लहान मुलांची कल्पनाशक्ती मोठ्यांपेक्षा श्रीमंत असते ते त्याला मान्य नव्हतं. (त्याने टॉलस्टॉयच्या ह्या शाळेचीही चर्चा केलीये त्यात, योगायोग.)

पण ह्याचा वर्गात अर्थ काय घ्यायचा? मी असा घेते की गोष्ट लिहायच्या आधी काहीतरी आत गेलं पाहिजे. रोज मोठ्याने वाचून दाखवणं, दहा मिनिटं का होईना, आणि फक्त बोधकथा नाही, ज्यात माणसं विचित्र वागतात अशाही. मुंगीच्या रांगेजवळ पंधरा मिनिटं नुसतं बसणं. वर्गात एक जुनं कुलूप आणून फिरवणं, हात लावू देणं, वास घेऊ देणं. हे कोणाचं असेल? मुलांकडे अनुभव नाही असं नाहीये सर, दात पडणं, धाकट्या भावाचा राग, अंधारात बाथरूमला जाणं, हे सगळ्यांकडे आहे. ते गोष्टीत चालतं हे त्यांना ठाऊक नसतं, त्यांना वाटतं गोष्टीत राजाच पाहिजे.

दोघांची_आई
चित्र काढून मग गोष्ट लिहायची हे कसं वाटतं? धाकटी पहिलीत आहे, ती चित्र काढताना सतत बडबडते.

तिरपीरेघ
पहिलीत तर चित्र हीच गोष्ट आहे, बडबड हे लिखाण. तुम्ही चित्राच्या कडेला तिचं एक वाक्य लिहा, पुढे ती स्वतःचा एक शब्द घालेल. लिहिणं अवघड जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठीही चित्र चांगलं, कागद चार घड्या घालून चार चौकोन, प्रत्येकात एक घटना, खाली एक ओळ. पण वर्गात एक धोका, रंगपेटी निघाली की तास संपेपर्यंत आकाश निळं करणं चालू राहतं. गोष्टीच्या चित्राला फक्त पेन्सिल, हा नियम मी कडकपणे पाळते.

आणि ज्या मुलांच्या घरची बोली वेगळी आहे त्यांना गोष्टीतली माणसं घरच्यासारखी बोलू द्या. संवाद त्यांच्या बोलीत, निवेदन जमेल तसं. नुसत्या एवढ्या परवानगीने दोन ओळींवर थांबणारी मुलं पान भरताना बघितलीयेत.

गप्पिष्ट७
फोनवर व्हॉइस टायपिंग लावून मुलांना बोलू द्या की, कशाला लिहीत बसताय सगळं. नाहीतर एआयला सांगा, मिनिटात गोष्ट.

निळी_शाई
व्हॉइस टायपिंग लहान मुलांचं बोलणं बऱ्याचदा भलतंच उतरवतं, शिवाय बाई समोर बसून ऐकतायत ह्याच्यात जी मजा आहे ती नाही. आणि एआयने गोष्ट लिहिली तर वर्गात उडणार कोण?

खडूधूळ
बाप रे, दोन दिवस लॉगिन केलं नाही तर केवढं लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. कानामात्रा सर तुम्हालाही, तुमच्यामुळेच तिरपीरेघ ताईंचा तो प्रतिसाद आला.

ढग-चावी वाला खेळ घेऊन बघितला. माझ्या वर्गात शब्द आले मिशी आणि पंखा. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ, मला वाटलं वर्ग गेला हातातून, मग एक जण म्हणाला पंख्याला मिशी होती म्हणून तो हळू फिरायचा, वजनामुळे. तिथून सुरू झाले. मी तोंडी रचून घेतली, फळ्यावर लिहिली, एक वाक्य खोडलं, मुलांनी दुसरं सुचवलं, मग पुसली, आणि म्हटलं आता आपापली मिशी आणि आपापला पंखा. किती ओळी हे दोघा-तिघांनी विचारलंच. एका वहीत पंख्याने न्हाव्याला घरी बोलावलंय पण न्हावी वर पोचत नाहीये, म्हणून तो वीज जायची वाट बघतोय. काही वह्यांत तात्पर्य आहेच, मिशीची काळजी घ्यावी :D

आता माझी खरी अडचण, वाचायचं कसं? सगळ्या गोष्टी नीट वाचून शेरा द्यायचा तर रविवार जातो. आणि मार्क मागतात वरून, त्याचं काय करू?

पानोपानी
सगळ्या वाचू नका! म्हणजे दर आठवड्याला सगळ्या नीट वाचू नका. रोज चार-पाच मुलांजवळ लिहिता लिहिताच जाऊन बसायचं, दोन-तीन मिनिटं. डोनाल्ड ग्रेव्ह्ज म्हणून संशोधक होते, मुलं लिहितात कशी हे त्यांनी वर्गात बसून बघितलं, त्यांचा भर ह्याच्यावरच होता, लिहून झाल्यावर लाल पेन चालवण्यापेक्षा लिहिताना मुलाशी बोलणं. जाऊन बसायचं आणि आधी काय वाचलं ते सांगायचं, "अच्छा म्हणजे न्हावी खाली उभाय". मग एकच प्रश्न, जो खरोखर पडलाय तो. "पंख्याने त्याला बोलावलं कसं, फोन आहे का त्याच्याकडे?" एवढं बोलून उठायचं. मूल तुमच्या पाठीमागे लिहायला लागतं.

शेवटची दहा मिनिटं एका मुलाने पुढे खुर्चीवर बसून आपली गोष्ट वाचायची. ऐकणाऱ्यांनी "छान" म्हणायचं नाही, छान ह्या शब्दाला आमच्या वर्गात कायमची सुट्टी दिलीये. काय ऐकू आलं ते सांगायचं आणि एक प्रश्न विचारायचा. सुरुवातीला सगळे विचारतात "तुला ही गोष्ट कशी सुचली", जाऊ दे, हळूहळू खरे प्रश्न येतात.

तिरपीरेघ
मार्कांचं, कच्च्या गोष्टीला मार्क देऊच नका. चार-पाच गोष्टी झाल्या की मुलाला म्हणायचं ह्यातली तुझी आवडती निवड, हिची पक्की प्रत करू. तिथे शुद्धलेखन, विरामचिन्हं, परिच्छेद सगळं आणायचं, शब्द शोधायला लावायचे, शेजाऱ्याकडून तपासून घ्यायचं, आणि मार्क मागतात ना वरून, त्या प्रतीला द्या. आपणच निवडलेली गोष्ट असली की मूल वेलांट्या दुरुस्त करायला फारशी कुरकुर करत नाही, कारण आता ती कोणीतरी वाचणार असते. पक्क्या प्रती शिवून वर्गाचं पुस्तक करा, मधल्या सुट्टीत सगळ्यात जास्त हाताळलं जातं ते.

कानामात्रा
पक्क्या प्रतीची कल्पना मला पूर्ण मान्य. फक्त दुरुस्ती एका वेळी एकाच प्रकारची सांगा. एकदा फक्त पूर्णविराम, पुढच्या वेळी फक्त अनुस्वार. सगळं एकदम लाल केलं तर मूल काहीच शिकत नाही, हे मात्र अनुभवाने सांगतो. आणि खडूधूळ बाई, त्या पंख्याच्या गोष्टीत वीज गेली का शेवटी?

खडूधूळ
गेली सर. पण अंधारात न्हाव्याला मिशी दिसेना. पुढे पान संपलंय, उद्या विचारते.

निळी_शाई, करून दाखवायचा भाग पुढच्या आठवड्यात घेतेय, एवढ्या सगळ्यांना जागा कशी पुरवता ते सांगा, आणि सगळ्यांना मुख्य पात्रच व्हायचं असलं तर?

निळी_शाई
मी गोल बसलेल्या क्रमानेच पुढची मुलं उठवते, ज्याची पाळी त्याला जे पात्र येईल ते, झाड तर झाड, दार तर दार. नको असेल तर "पास" म्हणायची मुभा. फक्त गोष्टवाला आपलं पात्र आधी निवडतो. ३८ मुलांना एका दिवशी दोन किंवा तीनच गोष्टी घ्या, कोणाची कधी त्याची यादी भिंतीवर लावा, नाहीतर रोज सकाळी "बाई आज माझी ना" ऐकावं लागेल. मारामारी आली की आधीच सांगून ठेवायचं, हात लागला नाही पाहिजे, हवेत मारायचं आणि समोरच्याने पडायचं. पडायला सगळ्यांना फार आवडतं, बाक मागे सरकवून ठेवा.